मागचं वजन

पाण्याच्या टाकीपाशी रस्ता डावीकडे वळतो, तिथं त्या सकाळी त्याच्या मोटरसायकलचं मागचं चाक सरकलं. फार नाही, वीतभर. बघणाऱ्याच्या लक्षातही आलं नसतं. पण ज्याच्या बुडाखालून गाडी जाते त्याला वीतभरही पुष्कळ होतं. काय झालं हे कळायच्या आत गाडी आतल्या बाजूला ओढली गेली, पदपथाची दगडी कड गुडघ्याजवळ आली, आणि मग चाकानं पुन्हा रस्ता धरला आणि एक हिसका देऊन गाडी सावरली. पुढे जाऊन त्यानं ती कडेला लावली. टाकीच्या भिंतीला टेकून झाडूवाला चहा पीत उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. "नवीन शिकताय का साहेब?" त्यानं मायेनं विचारलं. "होतं असं सुरुवातीला. हळूहळू जमेल." तो 'हो' म्हणाला. दुसरं काय म्हणणार? शहरात पत्रं, पाकिटं, औषधं पोचवत फिरणारी निम्मी माणसं त्याच्या हाताखाली वळायला शिकली होती. मोटरसायकल शिकवायच्या मैदानावर त्याला सगळे मास्तर म्हणत. आणि मास्तर आज, कोरड्या रस्त्यावर, उजेडात, रोजच्या वळणावर, पहिल्या दिवशीच्या शिकाऊ माणसानं करावी ती चूक करून बसले होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण त्याला कधीच आवडली नव्हती. आता ती हेल्मेटात शिरली आणि बाहेर निघायचं नाव घेईना.

चूक कुठली हे त्याला ठाऊक होतं. वळणाच्या पोटात असताना त्यानं पायाचा ब्रेक दाबला होता, तोही चांगला जोर देऊन. सकाळ-संध्याकाळ तो मैदानावर घसा फोडून हेच सांगायचा की जो काही ब्रेक मारायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. एकदा गाडी कलवली की ब्रेक विसरायचा, हातातली रेस हलकी, एकसारखी धरायची, नजर वळण जिथं संपतं तिथं ठेवायची आणि गाडीला तिचं काम करू द्यायचं. मग आज पाय का गेला? गाडी सुरू न करता तो तसाच बसून राहिला. मागे माणूस बसलं असलं की मागच्या चाकावर वजन असतं आणि पायाचा ब्रेक चांगला धरतो. मागची सीट रिकामी असली की तेवढाच जोर जास्त होतो, चाक अडकतं आणि सरकतं. म्हणजे त्याच्या पायानं मागे माणूस आहे असं धरून ब्रेक दाबला होता. गाडीही त्यानं जरुरीपेक्षा जास्त कलवली होती, तीही त्या माणसाच्या हिशेबानं. आज शनिवार होता. बायको दुपारी येणार होती. त्याच्या अंगानं तिला सकाळीच मागे बसवून टाकलं होतं. हे लक्षात आलं तेव्हा त्यानं मागे हात नेऊन रिकामी सीट चाचपली.

लग्न झाल्यापासून ती मागे उलटी बसायची. उलटी म्हणजे तोंड पुढेच, पण गाडी डावीकडे कलली की ती उजवीकडे झुकायची आणि उजवीकडे कलली की डावीकडे. मुद्दाम नव्हे, तिला ते कळतही नसे. ती सरकारी दवाखान्यात प्लास्टर घालायच्या खोलीत काम करायची. दिवसभर तिच्यासमोर येणार ती मोडलेली मनगटं, गळ्यापाशी तुटलेली हाडं, सुजून कलिंगड झालेले घोटे, आणि त्यातले निम्मे तरी मोटरसायकलवरून पडलेले. संध्याकाळी त्याच हातांनी नवऱ्याची कंबर धरून वळणावर जमीन जवळ येताना पाहायची, म्हणजे अंग आपोआप जमिनीपासून लांब पळणारच. त्याला हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मागचं माणूस उलटं झुकलं की गाडी वळायला मागत नाही, सरळ जाते. मग त्यानं आपल्या बाजूनं भर घातली. तिच्या झुकण्याचा अंदाज घेऊन तेवढी गाडी जास्त कलवायची. तिची बोटं कमरेत रुतली की वळणातसुद्धा पायानं जरासा ब्रेक द्यायचा, म्हणजे तिला बरं वाटायचं. अंगवळणी पडलं ते. एकदा, लग्नाला वर्षही झालं नसेल, घराच्या दारात उतरून तिनं हेल्मेट काढलं, केस झटकले आणि विचारलं, "कशी बसते रे मी मागे? ताईला तर गाडीवर बसायचं म्हटलं की घाम फुटतो." तिचा चेहरा इतका खुलला होता की त्याच्या तोंडून निघून गेलं, "छान बसतेस. एकदम छान." त्यानंतर तो विषय निघाला नाही. मैदानावर परक्या माणसाच्या अंगावर खेकसणारा मास्तर घरात अळीमिळी गुपचिळी करून राहिला, आणि त्याला आपण हे प्रेमानं करतोय याबद्दल कधी शंका आली नाही.

केसांचंही तसंच होतं. महिन्यातून एकदा ती त्याला स्टुलावर बसवायची, गळ्याभोवती जुनी चादर गुंडाळायची आणि केस कापायची. पट्ट्या कापून कापून कात्रीवर आपला हात बसलाय अशी तिची खात्री होती. उजव्या कानामागे ती हमखास वर जायची. दुसऱ्या दिवशी मैदानावर जाताना तो न्हाव्याकडे पाच मिनिटं थांबायचा आणि दोन्ही बाजू सारख्या करून घ्यायचा. न्हावी हसायचा, म्हणायचा, "वहिनींनी सुरुवात केली, मी शेवट करतो." संध्याकाळी ती त्याच्या मानेकडे बघून खूश व्हायची. ती दुसऱ्या गावी गेल्यापासून, गेले दोन महिने, तो न्हाव्याकडे फिरकला नव्हता. दुरुस्त करायला काही उरलं नव्हतं आणि नुसते केस कापून घ्यायला जायचं हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. केस कॉलरवर आले होते.

तिच्या जाण्याला भांडण म्हणावं असं काही झालंच नव्हतं. भांडण झालं असतं तर बोलण्याला निदान एक टोक मिळालं असतं. भांडी विसळताना, पाठ त्याच्याकडे ठेवून, ती म्हणाली होती, "दुसऱ्या गावच्या दवाखान्यात जागा निघालीय. राहायला खोली देतात. मी हो म्हटलंय." नळ चालू होता. तो टेबलापाशी बसून हातमोज्याची उसवलेली शिवण शिवत होता. सुई आत गेलेली, बाहेर यायची होती. ती तशीच धरून तो म्हणाला, "बरं." एवढंच. तिनं नळ बंद केला आणि ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. आता वाटतं, ती थांबली होती. तेव्हा वाटलं होतं की हात पुसायला फडकं शोधतेय. मग ती आत गेली. गेल्या सोमवारी तिचा फोन आला. तिकडे तिला कायम करत होते, हो की नाही ते पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचं होतं. "शनिवारी येऊन उरलेलं घेऊन जाते," ती म्हणाली, "संध्याकाळच्या बसनं परत." तेव्हाही तो बरं म्हणाला. पण फोन ठेवल्यापासून त्यानं दोन शब्द मनाशी धरले होते. परत ये. अगदी साधे शब्द. लहान पोरालाही म्हणता येतील. रोज गाडीवरून जाताना हेल्मेटच्या आत तो ते म्हणून पाहायचा आणि आपल्याच श्वासानं काच धुरकट करून घ्यायचा. सोमवारच्या आत ते तिच्या कानावर पडायला हवे होते, आणि त्यासाठी त्याच्या हाती आजची एक दुपार होती.

मैदानावर त्या दिवशी दातांची डॉक्टरीण होती. चाळिशीतली, हुशार, दुसऱ्यांच्या जबड्यात न डगमगता हात घालणारी बाई. पण वळण आलं की तिचा जीव गोळा व्हायचा. नारिंगी शंकूंच्या मधून ती येणार, अर्ध्या वळणात घाबरून रेस सोडणार आणि हातचा ब्रेक आवळणार. गाडी लगेच सरळ व्हायची आणि वळण सोडून गवतात जायची. चौथ्यांदा गवतात गेल्यावर तिनं इंजिन बंद केलं. "मास्तर, मला कळतं सगळं. पण मध्यावर आलं की वाटतं आता काही खरं नाही, आणि हात सुटतो."

"सगळ्यांचा सुटतो," तो म्हणाला. "भीती वाटली की माणूस आधी सोडून देतो. तिथंच चुकतं. वळणात शिरलात ना, आता तुम्हाला आवडो न आवडो, पलीकडे निघायचंय. हात तेवढाच ठेवायचा. वाढवू नका, सोडू नका."

"आणि आधी वेग जास्त राहिला असेल तर?"

"ते आधी बघायचं होतं. आधीचं काम वळणात करायला गेलात की पडलात."

ती हसली. रुमालानं मान पुसत तिनं विचारलं, "आणि मागे माणूस बसला असेल तर?"

त्याच्याकडे याचं उत्तर तयार होतं. वर्षानुवर्षं देत आलेलं. "त्याला आधीच सांगायचं. पोत्यासारखे बसा, गाडी जिकडे जाईल तिकडे जा, वळणाच्या आतल्या बाजूच्या माझ्या खांद्यावरून पुढे बघा. लाजायचं नाही सांगायला. दोघांच्या जिवाचा प्रश्न असतो."

"तुमच्या मागे कोण बसतं?" तिनं सहज विचारलं, गप्पांतला प्रश्न म्हणून. तो शंकू सरळ करायला गेला. एक शंकू पडलाच नव्हता, तोही त्यानं उचलून परत होता तिथंच ठेवला.

दुपारी तो घरी आला तर दार उघडं होतं. तिच्याकडे किल्ली होती. आतून कपाटाचा आवाज येत होता. दोन महिने या घरात त्याच्या स्वतःच्या आवाजाखेरीज आवाज नव्हता. त्यानं चप्पल काढतानासुद्धा हळू काढली, जणू आवाजानं ती उडून जाईल. ती पलंगावर बसून गरम कपड्यांच्या घड्या पिशवीत भरत होती. चेहरा उन्हानं रापला होता आणि बराही दिसत होता. तिनं वर पाहिलं आणि ती पहिली गोष्ट म्हणाली ती केसांबद्दल. "काय रे हे! किती वाढलेत! कोणी सांगणारं नाही का तुला?" कोणी सांगणारं नाही हे तिला ठाऊक होतं, पण ते बोलून गेल्यावरच तिच्या लक्षात आलं. ती उठली. "स्टूल आण. कापून देते."

चादर तीच होती. तिनं गाठ मारली, मान पुढे वाकवली आणि मानेवर तिची बोटं टेकली. दोन महिन्यांत त्याला कोणी हात लावला नव्हता. मैदानावर तो दिवसभर लोकांची कोपरं वळवायचा, खांदे सैल करायचा, पण त्याच्या अंगाला कोणाचा हात लागत नव्हता. त्यानं डोळे मिटले. कात्रीचा आवाज, केस चादरीवर पडल्याचा जवळजवळ नसलेला आवाज, तिच्या श्वासाचा आवाज. आता, असं त्यानं स्वतःला बजावलं. आता म्हण. तिचं तोंड मागे आहे, तुला बघायचंसुद्धा नाही. ती तिकडच्या खोलीबद्दल सांगत होती, शेजारच्या खोलीत एक तरुण परिचारिका राहते, तिच्याकडे मोटरसायकल आहे, दोघी रोज त्यावरून कामाला जातात. "तुझं कसं चाललंय?" तिनं मध्येच विचारलं. शब्द ओठांपर्यंत आले होते. "ठीक," तो म्हणाला. कात्री उजव्या कानामागे आली. तिथं केस वर गेल्याचं त्याला थंडाव्यावरून कळलं. तिनं आरसा धरला. "बघ." त्यानं पाहिलं. उजवी बाजू बोटभर वर होती. "छान झालेत," तो म्हणाला, आणि ती खाली बसून झाडूनं केस गोळा करायला लागली. त्याला रडावंसं वाटलं. रडला असता तरी चाललं असतं, पण तेही झालं नाही.

बस स्थानकावर जायचा रस्ता टाकीवरूनच होता. तिनं पिशवी पाठीला लावली, जुनं हेल्मेट घातलं, त्याचा पट्टा अजून तिच्याच मापाचा होता, आणि ती मागे बसली. कमरेला हात लागले. दोन महिन्यांनी गाडीचं मागचं टोक खाली दबलं आणि त्याच्या अंगात एक जुनी, शहाणी जुळवाजुळव आपोआप झाली. उन्हं उतरली होती. तो सावकाश चालवत होता. आधी वेग कमी करायचा, सकाळसारखं नाही. टाकी दिसली. त्यानं सरळ रस्त्यावरच दोन्ही ब्रेक देऊन वेग उतरवला, हात हलका केला आणि डावीकडे कलताना नेहमीप्रमाणे तिच्या वाटणीचं कलणंही दिलं. गाडी भसकन आत गेली. पुन्हा तीच दगडी कड. यावेळी पाय गेला नाही. हात सोडला नाही. त्यानं रेस किंचित वाढवली, गाडी थोडी उठली, वळण पार झालं. मागे ना बोटं रुतली, ना कोणी श्वास आवरला. ती त्याच्याबरोबर, गाडीबरोबर, डावीकडे गेली होती, अगदी जेवढं जायला हवं तेवढंच. इतकी वर्षं त्याच्या मनात असलेलं ते नीट बसणं तिला आलं होतं, आणि मागे कोणीच नव्हतं. वजन होतं, हात होते, पण वळणावर ती जिथं त्याला जाणवायची तिथं काही नव्हतं. त्यानं घाईघाईनं आरशात पाहिलं. हेल्मेट होतं. ते त्याच्या डाव्या खांद्यावरून पुढे, वळण संपतं तिकडे बघत होतं. पुढचा सारा रस्ता तो इतका एकटा होता, जितका रिकाम्या गाडीवरही कधी नव्हता.

बस लागलेली होती. ती उतरली, हेल्मेट काढलं, केस झटकले. "कशी बसले?" तिनं विचारलं.

"छान."

"हं." तिनं हेल्मेट त्याच्या हातात दिलं. "आज खरंच छान बसले. त्या परिचारिकेनं शिकवलं. पहिल्याच दिवशी गाडी थांबवून म्हणाली, ताई, उलट्या बाजूला काय झुकता, पाडाल मला. धड ओळखही नव्हती आमची." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मी तुला विचारलं होतं. आठवतं?"

"आठवतं."

"तेव्हाही छानच म्हणाला होतास."

"तू घाबरली असतीस."

"असते. मग शिकले असते." ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "तू साऱ्या जगाला शिकवतोस. मला मात्र सांभाळून घेतलंस. अजून काय काय सांभाळून घेतलंस रे माझं?"

चालकानं इंजिन सुरू केलं होतं. डब्याचं झाकण पडल्यासारखा आवाज करत कोणीतरी सामानाचं दार आपटलं. त्याला पुष्कळ काही आठवलं, आणि सगळं एकदम दाराशी आल्यावर जसं कोणीच बाहेर पडू शकत नाही तसं झालं. तो हेल्मेटचा पट्टा आत-बाहेर करत राहिला. ती थांबली होती. यावेळी ते त्याला स्पष्ट दिसत होतं आणि तरी तो उभाच राहिला.

"सोमवारी मी हो सांगणार आहे," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला.

बस गेली. धूर निवळेपर्यंत तो उभा होता. मग त्यानं रिकामं हेल्मेट मागच्या सीटवर दोरीनं बांधलं आणि परत फिरला. तुझी बोटं कमरेत रुतायची तेव्हाच तू मागे आहेस हे मला कळायचं, हे तिला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, म्हणजे मी चुकत होते तेव्हाच मी होते होय? याचं उत्तर काय दिलं असतं? टाकी आली. या बाजूनं वळण उजवीकडे होतं. त्यानं आधी वेग उतरवला, गाडी एका माणसापुरती कलवली, हात तेवढाच ठेवला. गाडी वळली. चूक म्हणून काढता येणार नाही अशी वळली, आणि ते बघायला झाडूवालासुद्धा नव्हता. टाकीच्या भिंतीशी त्यानं गाडी थांबवली, हेल्मेट काढलं. उजव्या कानामागे वारा लागला. त्यानं फोन काढला.

"काय झालं?" ती म्हणाली. मागून बसचा घरघराट येत होता. "काही राहिलं का?"

"केस," तो म्हणाला. "तू कापतेस ते. उजवीकडे वर जातात. दर वेळी. मी दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडून सारखे करून घ्यायचो."



"दर वेळी?"

"दर वेळी. आणि तू उलटी बसायचीस ते मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. आणि तू जाते म्हणालीस तेव्हा मला बरं वाटलं नव्हतं. बरं म्हणालो, पण बरं वाटलं नव्हतं." समोरून एक मोटार गेली, तिच्या दिव्यात त्याला आपली मूठ दिसली. उजवा हात फोनला नव्हता, थांबलेल्या गाडीची रेस धरून बसला होता. "परत ये," तो म्हणाला. "हेही राहिलं होतं."

ती रडत होती की बसच्या काचा वाजत होत्या ते कळेना. मग ती अगदी हळू, त्याला लागू नये अशा आवाजात म्हणाली, "हे आधी सांगायचं असतं रे."

ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं. पण फोन त्यानं ठेवला नाही, आणि पलीकडे बस चालत राहिली, तिनंही ठेवला नाही.